पहिल्यांदा गाडी घरी रंगवताय? स्प्रे कॅन की कॉम्प्रेसर-गन

पुट्टी, घासाघाशी, मास्किंग हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो, कारण ते कॅनला पण तेवढंच करायचं आणि गनला पण तेवढंच. प्रश्न फक्त शेवटी रंग कशाने मारायचा याचा आहे. मी दोन्ही करून बघितलंय आणि ते पण एकाच गाडीवर, बोनेट गनने आणि डावं फेंडर कॅनने. मी काही पेंटर नाही त्यामुळे हे एका गाडीवरचं मत समजून वाचा.

गनचं कौतुक आधी करतो, कारण ते खरंच आहे. फवाऱ्याचा पट्टा रुंद येतो, अर्धा पट्टा मागच्यावर चढवत गेलं की बोनेटसारखा सपाट भाग पटकन एकसारखा झाकला जातो, आणि क्लिअरचे (रंगावरचा पारदर्शक थर) दोन हात बसल्यावर जी खोली दिसते ना, ती कॅनने मला नाही जमली. रंग किती सोडायचा, हवा किती, पट्टा किती रुंद, सगळं आपल्या हातात. मेटॅलिक शेड असेल तर हे फार कामाचं आहे कारण मेटॅलिकमध्ये कण एका जागी जास्त बसले की ढगाळ डाग दिसतात.

पण घरगुती कॉम्प्रेसर. एचव्हीएलपी गन (कमी दाबाने पण भरपूर हवेवर चालणारी) हवा अक्षरशः पिते, आणि आपल्याकडे असते ती 24 लिटरची टाकी. अर्ध्या बोनेटपर्यंत सगळं झकास, मग प्रेशर उतरतं आणि रंग बारीक उडायच्या ऐवजी थेंब थेंब पडायला लागतो, मग टाकी भरेपर्यंत आपण गन धरून उभे. कमी हवेवर चालणारी एलव्हीएलपी गन घेतली तर हा त्रास बराच कमी होतो म्हणा. आणि लाइनमध्ये पाणी पकडणारा फिल्टर लावलाच पाहिजे, टाकीत पाणी साचतं आणि ते बरोबर शेवटच्या हाताला बाहेर येतं.

हे सगळं मी सहन केलं असतं. माझं डोकं फिरलं ते गन धुण्यावरून.

प्रायमर मारला, गन धुवा. बेस, म्हणजे खरा रंग, मारला, गन धुवा. क्लिअर मारला की लगेच धुवा, त्यात हार्डनर असतो, म्हणजे ते कडक करणारं रसायन. एका पॅनलला रंग मारायला दहा मिनिटं पण लागत नाहीत, आणि कप, नोझल, नीडल, एअर कॅप सुटं करून थिनरने साफ करून परत जोडण्यात अर्धा तास जातो, वर तो घाण थिनर गटारात ओतता येत नाही म्हणून डबा भरून ठेवायचा. मी क्लिअरचा दुसरा हात मारला, छान बसला, म्हणून जरा लांब उभं राहून बघत बसलो, तेवढ्यात जेवायला हाक आली, गेलो. कपात तळाला थोडंसं क्लिअर होतं. सकाळी नीडल जाम! तारेने टोकरून काढली तेव्हा नोझलला चरा पडला आणि तेव्हापासून फवारा एका बाजूला वाकडा जातो. गन मावसभावाची होती. तो काही बोलला नाही, पण आता साधा पाना मागितला तरी आधी "कशाला हवाय" विचारतो.

कॅनमध्ये हा प्रकारच नाही. काम झालं की कॅन उलटा धरून दोन सेकंद दाबायचा, नुसता गॅस यायला लागला की नोझल मोकळं, झालं. ऑफिसहून आल्यावर एक पॅनल उरकायचं असेल तर हे फार मोठं सुख आहे.

त्याचे नखरे आहेतच. बोट दुखतं (पिस्तुलासारखं हँडल मिळतं, ते घ्याच). मारता मारता कॅन गार पडतो आणि प्रेशर जातं, मी रंगाचा एक हात मारून झाला की पुढच्या हाताआधी कॅन कोमट पाण्यात ठेवतो, कोमट म्हणजे कोमटच, उकळत्या पाण्यात कॅन फुटेल. नोझलच्या टोकाला जमलेला थेंब पुसत राहायचं नाहीतर तो बरोबर मधोमध पडणार. पट्टा अरुंद असल्यामुळे मेटॅलिकला पट्टे दिसू शकतात, शेवटचा हात थोडा लांबून आणि हलका मारला तर बरेच लपतात. माझ्या फेंडरवर एक आहे, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दिसतो, अजून मी सोडून कोणी बघितलेला नाही.

एका गोष्टीत मात्र कंजुषी नको. क्लिअर टू-केच (हार्डनर मिसळून कडक होणारं) घ्या, खाली बटण असलेला कॅन येतो, बटण दाबलं की हार्डनर आत मिसळतो. मग तो एक-दोन दिवसांत वापरायलाच लागतो, उरलेला वाया. साधं वन-के (हार्डनर नसलेलं) क्लिअर स्वस्तात पडतं पण पेट्रोलच्या झाकणाजवळ पेट्रोल सांडलं की मऊ पडतं. आणि टू-के म्हणजे आयसोसायनेट, श्वासातून फुफ्फुसांना घातक असं हार्डनरमधलं रसायन, मग ते गनमधून उडो नाहीतर कॅनमधून. धुळीचा मास्क इथे काही कामाचा नाही, कमीत कमी कार्ट्रिजवाला नीट बसणारा मास्क, हातमोजे, चष्मा आणि भरपूर मोकळी हवा. व्यावसायिक लोक बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावतात ते उगाच नाही.

पूर्ण गाडी रंगवायची असेल तर मी कॅन घ्या म्हणणार नाही. 400 मिलीचा कॅन एका पॅनलमध्ये संपतो, मग एवढे कॅन आणि त्यांच्या शेडमधला उन्नीस-बीस फरक, सगळाच ताप. टप आणि बोनेटलाही गनच बरी. पण दोन-तीन पॅनल, एखादा बंपर, आणि हात पहिल्यांदाच चालवताय, तर... बघा तुम्ही, ज्याची त्याची आवड. मागचा उजवा दरवाजा राहिलाय माझा, त्याला बेसचे दोन कॅन आणि क्लिअरचा एक आणून ठेवलाय. कॉम्प्रेसर आता टायरमध्ये हवा भरायला वापरतो.