खुब्याच्या हाडाचा उंचवटा ‘विरघळला’ म्हणून मला दाखवलेला एक्स-रे

हे लिहू की नको, यात दोन आठवडे गेले. पण जांघेतलं दुखणं घेऊन उद्या आणखी कोणीतरी त्याच टेबलावर झोपेल, त्याआधी त्याच्या वाचनात हे यायला हवं.

बराच वेळ बसून उठलं की माझ्या उजव्या जांघेत खोलवर कळ यायची. बूट घालायला वाकले, गाडीत पाय आत घेतला, की तीच कळ. कुठे दुखतं असं कोणी विचारलं तर मी अंगठा मागे, बोटं पुढे करून खुबाच हातात धरून दाखवायचे.

ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी गुडघा वर घेऊन आतल्या बाजूला वळवला, तेव्हा मी ओरडलेच. एक्स-रे काढून त्यांनी निदान सांगितलं: हिप इम्पिंजमेंट, कॅम प्रकार. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत फिरतो. माझ्या गोळ्याखाली, जिथे हाडाची मान सुरू होते तिथे, थोडं हाड जास्तीचं आहे. पाय वाकला की ते वाटीच्या काठावर आपटतं आणि तिथली लेब्रम नावाची मऊ कड चिमटली जाते. वाटीचाच काठ जास्त पुढे आलेला असेल तर तो पिन्सर प्रकार, आणि पुष्कळांना दोन्ही असतात. डॉक्टर म्हणाले, “आधी तीन महिने फिजिओथेरपी करा, मग बघू.”

मला तीन महिने थांबायचं नव्हतं. तिथेच मी सापडले.

‘ऑपरेशनशिवाय हाड पूर्ववत’ अशी जाहिरात बघून मी एका केंद्रात गेले. पांढऱ्या कोटातल्या त्या गृहस्थांना सगळे ‘सर’ म्हणत होते. त्यांची पदवी कोणती, हे मी विचारलं नाही. त्यांनी मला झोपवलं, दोन्ही टाचा जुळवल्या आणि उजवा पाय बोटभर आखूड असल्याचं दाखवलं. मग एक झटका दिला आणि टाचा बरोबर जुळल्या. माझा विश्वास बसला तो त्या क्षणी. पुढे माझ्या फिजिओथेरपिस्टताईंनी माझ्याच पायांवर हा प्रकार करून दाखवला. कंबर किंचित तिरकी ठेवली किंवा एक पाय नकळत थोडा ओढला की बोटभर फरक दिसतो. हात सैल केला की तो जातो.

२४ सिटिंगचे सगळे पैसे आगाऊ घेतले, कारण सवलत म्हणे फक्त त्याच दिवशी होती. दर सिटिंगला ते गुडघा जोर लावून छातीकडे दाबत आणि आत वळवत. या स्थितीतच तर हाड काठावर आपटतं! नवव्या सिटिंगनंतर रात्री कूस बदलता येईना. “जुना दोष बाहेर पडतोय,” असं उत्तर मिळालं.

शेवटी त्यांनी नवा एक्स-रे काढून आणला आणि जुन्याशेजारी ठेवला. उंचवटा नव्हता! मला रडू आलं, आनंदाने. दुखणं मात्र होतं तसंच होतं.

दोन्ही एक्स-रे घेऊन मी पहिल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना क्षणभरही लागला नाही. जुना एक्स-रे होता पाय ४५ अंशांत वाकवून काढलेला, ज्याला डन व्ह्यू म्हणतात. नवा होता सरळ समोरून काढलेला. कॅमचा उंचवटा बहुतेकदा गोळ्याच्या पुढच्या-वरच्या अंगाला असतो, त्यामुळे समोरून काढलेल्या फोटोत तो दिसेलच असं नाही. त्यांनी पुन्हा डन व्ह्यू घेतला. उंचवटा जागच्या जागी होता. मोठ्या माणसाच्या हाडाचा आकार हाताने दाबून किंवा ओढून बदलत नाही. तो घासायचा तर शस्त्रक्रियाच लागते. तुम्हाला कोणी आधीचा आणि नंतरचा एक्स-रे दाखवला, तर दोन्ही एकाच व्ह्यूचे आहेत का, एवढं नक्की विचारा, आणि तिसऱ्याच डॉक्टरांना ते दाखवा.

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला आधी कळायला हवं होतं. असा आकार असूनही अजिबात न दुखणारी माणसं पुष्कळ असतात. म्हणूनच २०१६ च्या वॉरविक करारात तज्ज्ञांनी ठरवलं की त्रास, हातांनी केलेली तपासणी आणि फोटो ही तिन्ही जुळली तरच या आजाराचं निदान करायचं. नुसता एक्स-रे दाखवून घाबरवणारा माणूस अर्धवटच सांगत असतो. शस्त्रक्रिया वाईट असंही नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी या दोन्ही गटांतले रुग्ण सुधारले, शस्त्रक्रियेचे थोडे जास्त.

पैसे परत मागितले तेव्हा केंद्राने मी सही केलेला कागद पुढे केला. ‘परिणामाची हमी नाही’ असं त्यात बारीक अक्षरांत होतं. मी लेखी तक्रार केली आहे.

सध्या व्यायामाचा अकरावा आठवडा चालू आहे. नितंबाचे आणि पोटाचे स्नायू बळकट करणं, खोल वाकणं टाळणं, खुर्ची उंच ठेवणं, एवढंच. रात्री झोप लागते. बूट मात्र अजून पाय स्टुलावर टेकवूनच घालते, आणि पुढच्या महिन्यात शस्त्रक्रियेचं काय ते डॉक्टरांशी बोलून ठरेल.