ब्लॉक लायब्ररी: एकच डीडब्ल्यूजी की प्रत्येक ब्लॉकची वेगळी फाइल?

ऑटोकॅडवर (ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) चार-पाच जण काम करत असले की दारं, खिडक्या, कमोड, टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या माहितीची चौकट) असे ब्लॉक, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायची तयार चित्रं, सर्व्हरवर ठेवायचे कसे, हा प्रश्न येतोच.

सगळे ब्लॉक एका डीडब्ल्यूजीत (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) ठेवले तर डिझाइन सेंटरमध्ये (दुसऱ्या फाइलमधले ब्लॉक दाखवणारं ऑटोकॅडचं पॅनेल) ते एका नजरेत दिसतात, ओढून टाकता येतात. नवख्याला हे फार सोयीचं. पण एकाने ती फाइल उघडली की दुसऱ्याला ती रीड-ओन्लीच मिळते, त्यामुळे दुरुस्त्या रखडतात.

वेगळ्या फाइल्समध्ये ही अडचण नाही. फोल्डर मात्र लवकर फुगतं, म्हणून नावांची शिस्त हवीच. 'दार नवीन फायनल २' असली नावं पहिल्या दिवसापासून बंद करा.

खरी मेख दोन्हीकडे सारखीच आहे: लायब्ररीतला ब्लॉक सुधारला तरी जुन्या ड्रॉइंगमधली त्याची व्याख्या, म्हणजे तिथे साठवलेली प्रत, आपोआप बदलत नाही. वेगळी फाइल असेल तर हायफन लावलेल्या इन्सर्ट कमांडमध्ये (-INSERT) ब्लॉकचं नाव आणि पुढे बरोबरचं चिन्ह (=) टाइप केलं, की व्याख्या ताजी होते. फाइल सपोर्ट पाथमध्ये (ऑटोकॅड जिथे फाइल्स शोधतं ते फोल्डर) हवी. एकत्र फाइलसाठी डिझाइन सेंटरमध्ये राइट-क्लिक करून 'रीडिफाइन ओन्ली' निवडावं लागतं.

तिघांपेक्षा मोठ्या टीमला मी वेगळ्या फाइल्सच सुचवेन. आणि दोन्हीत ब्लॉक झिरो लेयरवर ('0' नावाचा मूळ थर), रंग बायलेयर (थराचा असेल तोच) ठेवूनच काढा.