बारावीच्या पेपरात कावीळ आणि पंचेचाळीस हजारांचं पॅकेज

पुण्यातल्या एका परदेशी शिक्षण सल्ला केंद्राचं 'संपूर्ण अर्ज पॅकेज' आम्ही मुलासाठी घेतलं होतं. ४५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी. नाव लिहीत नाही, भांडण वाढवण्यात मला रस नाही. पण आजारपणामुळे मार्क गेलेली मुलं घेऊन जे आईबाप अशा ठिकाणी जातात, त्यांना आत नेमकं काय मिळतं हे कळायला हवं.

आमची केस अशी. मुलगा सायन्सचा, एचएससी बोर्ड, २०२५ ची बॅच. ११ फेब्रुवारीला इंग्रजीचा पेपर देऊन आला तोच मळमळतंय म्हणत. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. त्या महिन्यात आमच्या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, यात नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात) धास्ती होती, म्हणून डॉक्टरांनी आधी त्याला टाचांवर चालून दाखवायला लावलं आणि मग रक्त काढलं. हेपटायटिस ए निघाला. शेजारच्या काकूंनी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता दिला, तो अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे. पुरवणी परीक्षेला बस म्हटलं तर चिरंजीव ऐकेनात. ग्लुकोजची बाटली घेऊन पेपर दिले. फिजिक्स थिअरीत ७० पैकी ३४, केमिस्ट्रीत ३७. प्रिलिमला दोन्हीकडे साठीच्या आसपास होते. बरा झाल्यावर एप्रिलमध्ये सीईटी दिली, तिथे ९६ पर्सेंटाइल. बोर्डाचे एकूण ६८ टक्के. त्याला भूशास्त्र शिकायला इंग्लंडला जायचं होतं आणि त्याच्या यादीतली विद्यापीठं ७५ च्या खाली बोलायला तयार नव्हती.

केंद्रातल्या सीनियर कौन्सेलरबाईंना ही हकिगत फारच आवडली. 'स्टोरी आहे तुमच्याकडे!' असं त्या म्हणाल्या. आठवड्याभरात मुलाच्या वैयक्तिक निवेदनाचा, म्हणजे अर्जात त्याने स्वतःबद्दल लिहायच्या मजकुराचा, मसुदा आला. मी मुद्रितशोधक आहे, दिवसभर दुसऱ्यांचा मजकूर वाचून पोट भरते, त्यामुळे लाल पेन आपोआप हातात आलं. पहिल्याच परिच्छेदात पिवळे डोळे, थरथरता हात, आईचे अश्रू. मी रडले नव्हते, मी भाताची पेज करत होते. दुसऱ्या परिच्छेदात या आजाराने त्याला आयुष्याचा अर्थ शिकवला होता. खडक, खनिजं, आम्ही लोणारला आणि नाणेघाटात केलेल्या भटकंत्या, हे सगळं शेवटच्या चार ओळींत कोंबलेलं.

आता यात गंमत बघा. ब्रिटनमधल्या पदवी प्रवेशाचा अर्ज यूकॅसमार्फत जातो. २०२६ च्या प्रवेशापासून तिथलं वैयक्तिक निवेदन तीन प्रश्नांत विभागलंय: हा विषय का, अभ्यासाने तुमची तयारी कशी झाली, अभ्यासाबाहेर काय केलंत. सगळं मिळून ४,००० अक्षरं, तीही मोकळ्या जागा धरून. आजारपण यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. त्याची जागा दुसरीकडे आहे. शिक्षकाने लिहायच्या शिफारशीचे २०२४ च्या प्रवेशापासून तीन भाग आहेत, आणि त्यातला दुसरा भाग विद्यार्थ्याच्या निकालावर परिणाम करणाऱ्या अडचणींसाठीच ठेवलेला आहे. ही माहिती यूकॅसच्या साइटवर फुकट आहे. ४५,००० वाल्या बाईंनी ती एकदाही काढली नाही.

शिफारशीचा विषय मी काढला तेव्हा उत्तर आलं, 'ते आम्ही लिहू, तुम्ही फक्त सरांचं नाव द्या, ईमेल आयडी आम्ही बनवतो.' सरांच्या नावाने खोटा आयडी! मी तिथेच हात जोडले. त्यावर नोटरीचं प्रतिज्ञापत्र करून आणायची सूचना झाली. शंभरचा स्टॅम्प पेपर आता बंद झालाय, पाचशेचा आणला, केलं. आजपर्यंत ते कोणीही मागितलेलं नाही. विद्यापीठाला बघायचा झालाच तर डॉक्टरांच्या लेटरहेडवरचा तारखांसकट दाखला आणि लॅबचे रिपोर्ट बघायचे असतात.

तरीही मी शून्य तारे देत नाहीये, त्याचं कारण तिथली एक नवी मुलगी. बाई रजेवर गेल्या आणि फाइल तिच्याकडे आली. तिने आल्या आल्या विचारलं, 'काकू, बोर्डाने आजारपणाचे मार्क वाढवून दिले होते का?' म्हटलं, अगं, आपल्याकडे असं कुठे असतं? मग तिने समजावलं. इंग्लंडमध्ये परीक्षेत मूल आजारी पडलं तर शाळा परीक्षा मंडळाकडे अर्ज करते आणि मंडळ जास्तीत जास्त ५ टक्क्यांपर्यंत गुण वाढवून देतं. त्यामुळे तिथला प्रवेश अधिकारी निकाल वाचताना धरून चालू शकतो की आजाराचा हिशोब आधीच झालाय, आता पुन्हा कशाला सवलत? आपलं बोर्ड खेळाचे सवलतीचे गुण देतं, काविळीचे नाही. हे वाक्य शिफारशीत स्पष्ट यायला हवं, असं ती म्हणाली. सगळ्या पॅकेजमध्ये पैसे वसूल झाले ते या एका प्रश्नात.

मग मी कॉलेजात गेले. उपप्राचार्यांनी यूकॅसचं नाव ऐकलं नव्हतं, पण लिंक आल्यावर स्वतः बसून लिहिलं. मुलाच्या तब्येतीबद्दल लिहायला त्याची संमती लागते, तीही त्यांनी आधी त्याच्याकडून लेखी घेतली. दुसऱ्या भागात जेमतेम पाच वाक्यं: कोणत्या तारखांना कोणता आजार, कोणते पेपर त्या अवस्थेत दिले, बोर्ड अशा वेळी गुण वाढवत नाही, प्रिलिमचे आणि सीईटीचे गुण हे, आता पूर्ण बरा. प्रॅक्टिकलच्या तिसापैकी २९ चा उल्लेख करू का, असं त्यांनी विचारलं. आम्ही दोघंही हसलो. ते कसे मिळतात हे तुम्हाला मला ठाऊक आहे, त्यामुळे पुरावा म्हणून प्रिलिम आणि सीईटीच बरी. मुलाने आपलं निवेदन नव्याने लिहिलं, लोणारपासून सुरुवात करून. त्यात काविळीचं नावही नाही.

पाच विद्यापीठांपैकी एकाने मेल करून डॉक्टरांचा दाखला मागवला आणि नंतर ऑफर दिली. आणखी एक ऑफर आली. दोघांनी सरळ नकार दिला, त्यातल्या एकाला मुळात ८५ टक्के हवे होते, तिथे कोणाचीच शिफारस चालली नसती. पाचवं केंद्राच्या 'टाय-अप'मधलं होतं, मुलाने कधी नावही ऐकलं नव्हतं. ते का घातलं याचं उत्तर मला शेवटपर्यंत मिळालं नाही. विद्यापीठांकडून एजंटांना कमिशन मिळतं, एवढं सांगून पुढे जाते.

तारे: पाचपैकी दोन. बँकेची कागदपत्रं आणि व्हिसाचा फॉर्म यांचं काम त्यांनी चोख केलं, तेवढंच हवं असेल तर त्यांचं छोटं पॅकेज घ्या. यूकॅसची फी तर २०२६ च्या प्रवेशासाठी ३० पौंडांच्याही आत होती, अर्ज घरी बसून भरता येतो. आजारपणाचा मुद्दा असेल तर मात्र दिवाळीच्या आधी कॉलेज गाठा. २०२६ च्या प्रवेशासाठी यूकॅसची मुख्य मुदत १४ जानेवारी होती आणि त्याच सुमारास कॉलेजात प्रिलिम आणि प्रॅक्टिकलची धांदल असते, तेव्हा सर सापडत नाहीत. जाताना रिपोर्टांच्या झेरॉक्स तारखेनुसार लावून न्या.