हजेरी ते पगार : जोडणीच्या सेवेचा अकरा महिन्यांचा अनुभव

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पगार आणि पीएफचं काम बघते. ३१२ कामगार, तीन शिफ्ट. हजेरीचं सॉफ्टवेअर एकाचं, एचआरचं दुसऱ्याचं, पगाराचं तिसऱ्याचं. ही तिन्ही एकमेकांना जोडून देणारी सेवा आम्ही घेतली, त्याला अकरा महिने झाले. अशी सेवा घेताना काय बघायचं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते.

आधी आमच्याकडे काय चालायचं ते सांगते. एक तारखेला टाइम ऑफिसमधून हजेरीची एक्सेल फाइल यायची, ती मी पगारात चढवायची. कुणाची शिफ्ट बदलली तर एचआरमध्ये लगेच नोंद व्हायची, पण हजेरीच्या सॉफ्टवेअरला ते फार उशिरा कळायचं. एका महिन्यात पगार झाला त्याच दिवशी मोल्डिंगमधले एक जण माझ्या टेबलापाशी आले. हातात घरच्या कॅलेंडरचं फाडलेलं पान. त्यावर बायकोने दुधाच्या हिशेबाशेजारीच नवऱ्याच्या रात्रपाळीच्या तारखांना गोल केलेले. "मॅडम, मोजून बघा की. माझ्या नऊ रात्री कुठं गेल्या?"

पंचिंग मशीनमध्ये नऊच्या नऊ रात्रींचे पंच होते. रात्री दहाला आत, सकाळी साडेसहाला बाहेर. पण हजेरीच्या सॉफ्टवेअरच्या लेखी ते अजून जनरल शिफ्टला होते. त्यामुळे मध्यरात्री तारीख बदलली की एका रात्रीचे दोन तुकडे व्हायचे. या तारखेला फक्त येणं, त्या तारखेला फक्त जाणं. जोडी जुळली नाही म्हणून हजेरी शून्य, आणि पगाराच्या सॉफ्टवेअरने ते शून्य मुकाट्याने घेतलं. पगाराच्या चिठ्ठीत बघायला काहीच चुकलेलं नव्हतं. घरात कॅलेंडर नसतं तर ते पैसे गेलेच असते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांची रक्कम दिली, पण मला रात्री झोप लागली नाही. आधीच्या महिन्यांत असे किती जण गप्प बसले असतील?

नवी सेवा घेताना म्हणून मी एकच हट्ट धरला : जे जुळत नाही ते शून्य धरायचं नाही, थांबवून मला दाखवायचं. या बाबतीत मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देते. आता दर तासाला एपीआयने, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात थेट, पंच येतात आणि शिफ्ट ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवसाला जोडले जातात. शिफ्ट बदलली की तिन्हीकडे त्याच दिवशी बदलते. रोज सकाळी मला तीन आकडे दिसतात : किती नोंदी निघाल्या, किती पोचल्या, किती अडल्या. ३१२ निघाल्या, ३०९ पोचल्या तर उरलेल्या तीन कोणाच्या आणि का, हे टोकन नंबरासकट, म्हणजे कामगाराच्या कारखान्यातल्या क्रमांकासकट. चहा येईपर्यंत माझं हे काम झालेलं असतं.

चाचणीसाठी आम्ही जुना एक पूर्ण महिना पुन्हा चालवला. हे प्रत्येकाने करावंच. त्यात दोन गोष्टी सापडल्या. एक, हजेरीत टोकन नंबर ००४१७, पगारात नुसता ४१७; एक्सेलने पुढची शून्यं कधीच खाऊन टाकलेली. दुसरी जास्त गंभीर. फेटलिंगमधल्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करतात त्या विभागातल्या, एकांची जन्मतारीख ०५/०६. एचआरच्या हिशेबाने ५ जून, पगाराच्या हिशेबाने ६ मे. ५८ पूर्ण झाले की पेन्शन फंडातला भरणा थांबतो आणि मालकाचे पूर्ण १२ टक्के पीएफकडे जातात. म्हणजे त्यांचा पेन्शनचा भरणा एक महिना आधीच बंद झाला असता.

पीएफच्या ईसीआरचं, म्हणजे दर महिन्याच्या पीएफ भरण्याच्या विवरणाचं, कामही सोपं झालं. ती साधी टेक्स्ट फाइल असते, माणशी एक ओळ, अकरा रकाने, मध्ये हॅश-टिल्ड-हॅश. आता ती थेट तयार होते आणि बिनपगारी दिवसांचा रकाना हजेरीतूनच भरला जातो. पूर्वी १५ तारखेच्या आदल्या रात्री मी हे हाताने जुळवत बसायचे.

आता तक्रारी. सुरुवातीच्या महिन्यात एकदा नेट गेलं, त्यांच्या सर्व्हरने ओव्हरटाइमची तीच नोंद परत पाठवली आणि ती दोनदा चढली. ओव्हरटाइम आधीच दुप्पट दराचा, त्याचे चौपट झाले. पगाराआधी पकडलं म्हणून निभावलं. आता प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक आहे, तीच नोंद पुन्हा आली तर नाकारली जाते. पण हे मी मागितल्यावर झालं, ते आधीपासून असायला हवं होतं.

दुसरी तक्रार मला जास्त लागली. कॅन्टीनच्या कुपनाची सिस्टिमही याच जोडणीवर आहे. तिला लागतं काय? टोकन नंबर, नाव आणि शिफ्ट. पण चाचणीत बघते तर आधार आणि बँक खात्याचा नंबरही तिकडे जात होता, कारण त्यांच्या साच्यात सगळे रकाने डिफॉल्टने चालू. कामगाराने आपला आधार पगारासाठी दिलाय, वडापावच्या कुपनासाठी नाही. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा दाखवून मी ते बंद करून घेतलं. तुम्हीही कुठल्या सिस्टिमकडे कुठला रकाना जातो त्याची यादी कागदावर मागा आणि एकेक ओळ वाचा.

फोन उचलतात, मराठीत समजावून सांगतात, पगाराच्या आठवड्यात शनिवारीही कुणीतरी असतं. वर्षाची फी आधीच्या खर्चापेक्षा जास्त पडते, तरी मी घ्याच म्हणेन.

कंत्राटी कामगारांची हजेरी अजून ठेकेदाराच्या एक्सेलमधूनच येते, ती जोडणी व्हायची आहे. तोवर माझ्यासारखं तुम्हालाही तसंच काम करावं लागत असेल तर फाइलवर डबल क्लिक करू नका. आधी इम्पोर्टमध्ये यूएएनचा, म्हणजे कामगाराच्या पीएफ क्रमांकाचा, रकाना टेक्स्ट करा. नाहीतर बारा आकड्यांच्या जागी १.०१ई+११ असं काहीतरी दिसेल, आणि सीएसव्ही सेव्ह केलीत की खरा नंबर परत मिळणार नाही.