रविवारची शोधकांची बैठक: तीनशे रुपये, चहा वेगळा

जागेचं नाव टाकत नाही. खुर्च्या बारा, त्यातल्या दोन डुगडुगतात. नाव टाकलं तर पुढच्या रविवारी मलाच उभं राहावं लागेल. शिवाय खाली तक्रारी लिहिल्यात आणि गाळ्याचा मालक मुलगा स्वभावाने गरीब आहे.

माटुंगा रोडला पश्चिमेला उतरायचं आणि माहीमच्या बाजूला चालत सुटायचं. जुनी इंडस्ट्रियल इस्टेट आहे, दुसरा मजला. लिफ्ट रविवारी बंद. एरवी मालक तिथे ड्रोन दुरुस्त करतो, थ्रीडी प्रिंटरवर लोकांना गिअर नाहीतर नॉब काढून देतो. रविवारी चार ते सात हौशी शोधकांची बैठक. माणशी तीनशे. त्यात खुर्ची, फळा, सोल्डरिंगची दोन टेबलं आणि बाई.

बाई म्हणजे फिजिक्सच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो, कारण तीनशेतले अडीचशे त्यांचेच आहेत.

मी ३२ वर्षं टेलिफोन खात्यात होतो, त्यातली निम्मी मॅनहोलमध्ये बसून केबलचे जॉइंट मारण्यात गेली. २०२० च्या जानेवारीत व्हीआरएस घेतली. घरात बसून रेडिओ उघडायचा आणि एक स्क्रू उरवून बंद करायचा, असं चाललं होतं. या बैठकीचं कळल्यावर डोंबिवलीहून निघालो, तर मेगाब्लॉक. दादरला उतरून गाडी बदलून पोहोचेपर्यंत चाळीस मिनिटं उशीर, आणि फळ्यावर विषय लिहिलेला: टेलिपोर्टेशन, म्हणजे इथे गायब होऊन तिथे प्रकट होणं. सगळे हसले. मीही हसलो, घाम पुसत.

पद्धत सांगतो, कारण ती मला आवडली. सुरुवातीची वीस मिनिटं कोणी बोलायचं नाही. प्रत्येकाला पाच कोरी कार्डं मिळतात, आपापल्या कल्पना एकट्याने लिहायच्या. मला आधी वाटलं, ही काय परीक्षा! बाईंनी कारण सांगितलं. येल विद्यापीठात १९५८ मध्ये एक प्रयोग झाला होता. चौघांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पना एकीकडे, आणि चौघांनी वेगवेगळं बसून काढलेल्यांची बेरीज दुसरीकडे. वेगवेगळं बसलेल्यांची यादी मोठी निघाली. खात्यातल्या मीटिंगा आठवल्या आणि मला ते लगेच पटलं. एक मोठ्याने बोलायचा, बाकीचे बिस्किटं मोजायचे.

मग कार्डं फळ्यावर चिकटवतात आणि शेवटचा तास हिशेबाचा. जो कल्पना मांडेल त्याने खडू घ्यायचा आणि आकडे मांडायचे.

त्या दिवशी विरारहून येणारे एक सीए होते. त्यांना बाकी काही नको, विरारला अदृश्य होऊन चर्चगेटला प्रकट व्हायचं होतं. फर्स्ट क्लासचा पास चालेल का, हेही त्यांनी कार्डावर लिहिलं होतं. मालक म्हणाला, सोपं आहे, माणूस स्कॅन करायचा, माहिती पाठवायची, तिकडे प्रिंट करायचा. बाईंनी त्याच्या हातात खडू दिला.

सत्तर किलोच्या माणसात अणू किती? सातावर सत्तावीस शून्यं. एकेका अणूची जागा, दिशा, ऊर्जा हे सगळं सोडून द्या, एका अणूला फक्त एक बिट धरा, म्हणजे एक हो-की-नाही एवढीच माहिती. लाइन कुठली? इथे मी तोंड उघडलं. म्हटलं, घरगुती फायबरची चांगली लाइन धरा, सेकंदाला एक गिगाबिट, म्हणजे शंभर कोटी बिट. मालकाने भागाकार केला, शून्यं दोनदा चुकला, आणि उत्तर आलं साधारण २२ हजार कोटी वर्षं. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. सीए बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "स्लोच बरी."

मागे बसलेल्या एका मुलाने सुचवलं की माहितीचं लफडंच नको, अख्ख्या माणसाचंच ऊर्जेत रूपांतर करून प्रकाशासारखं सोडायचं. बाईंनी न बोलता आइनस्टाइनचं E=mc² हे सूत्र लिहिलं. सत्तर किलोची ऊर्जा होते सुमारे १५०० मेगाटन. सोव्हिएत रशियाने १९६१ मध्ये फोडलेला आजवरचा सर्वात मोठा बॉम्ब होता ५० मेगाटनांचा. म्हणजे तसले तीस बॉम्ब, एका प्रवाशामागे. "आणि दादरला चढणारे किती?" बाईंनी विचारलं.

त्यानंतर एका बीएस्सीच्या मुलीने जे सांगितलं, त्यासाठी मी अजून जातो. ती म्हणाली, काका, टेलिपोर्टेशन झालंय, पण माणसाचं नाही. १९९३ मध्ये सहा शास्त्रज्ञांनी कागदावर मांडलं, १९९७ मध्ये झायलिंगर यांच्या गटाने ऑस्ट्रियात इन्सब्रुकला प्रकाशकणांवर करून दाखवलं, आणि २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी जमिनीवरून उपग्रहापर्यंत, १४०० किलोमीटरपर्यंत नेलं. त्यात माल जात नाही. कणाची अवस्था जाते, आणि इथली अवस्था पुसली जाते. पुसली जायलाच हवी, कारण अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल काढता येत नाही, हे १९८२ मध्येच सिद्ध झालंय. म्हणजे इथला सीए विरारला शिल्लक आणि तिकडे चर्चगेटला दुसरा, असं होणार नाही. सीएंना हे ऐकून बरं वाटलेलं दिसलं. दोन रिटर्न भरावे लागले असते.

मग तिने रीत सांगितली. आधी एकमेकांत गुंतलेल्या दोन कणांची एक जोडी तयार करायची, एक मुंबईत ठेवायचा, एक पुण्याला पाठवायचा. ज्याची अवस्था पाठवायची तो तिसरा कण जोडीतल्या मुंबईच्या कणाबरोबर मोजायचा. मोजणीचं उत्तर चारपैकी एक येतं, म्हणजे दोन बिट. ते उत्तर पुण्याला कळवायचं, आणि त्याप्रमाणे पुणेवाल्याने आपला कण फिरवायचा. तोवर पुण्याच्या कणात काय आहे ते पुण्यात कोणालाच कळत नाही.

मी विचारलं, "कळवायचं कसं?"

ती म्हणाली, "कसंही. साध्या फोनवरून."

मी खुर्चीत सरळ झालो. आमच्या केबलमध्येही तारांच्या जोड्याच असतात, आम्ही त्यांना पेअर म्हणतो. आयुष्य पेअर शोधण्यात गेलं. आणि नोबेल मिळालेल्या या विद्येलासुद्धा (२०२२ चं फिजिक्सचं नोबेल झायलिंगर आणि आणखी दोघांना याच जोड्यांवरच्या कामासाठी मिळालं) शेवटी फोन लावावा लागतो! बाई म्हणाल्या, म्हणूनच यात प्रकाशापेक्षा वेगाने काही जात नाही, अहो टेलिफोनवाले, तुमची लाइन आडवी येते. घरी जाताना गाडीत मला उभं राहायला जागा नव्हती, पण जाणवलं नाही.

आता तक्रारी.

दुसऱ्या रविवारी बाई लग्नाला गेल्या होत्या. मालकाने कुठेतरी वाचलं होतं की कल्पना मांडताना कोणी कोणाला नाही म्हणायचं नाही. तो नियम त्याने तिन्ही तास लावला. हिशेबाचा तास गायब. एक गृहस्थ विमानविद्या घेऊन उठले: शिवकर बापूजी तळपद्यांनी म्हणे १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आधी आठ वर्षं. मला तळपद्यांबद्दल आदर आहे, त्या काळात मुंबईतला एक माणूस उडण्याचा विचार करतो हेच मोठं. पण ते विमान उडाल्याचा त्या काळचा भरवशाचा पुरावा कोणी दाखवत नाही. आणि ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या ज्या ग्रंथाचा त्यांच्यामागे आधार देतात, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासून सांगितलंय. हे बोलायला मी हात वर केला, तर मालक म्हणाला, "काका, आज टीका नाही." एक तास गेला. म्हणजे शंभर रुपये.

आणखी शंभर चुंबकवाल्याने खाल्ले. लाकडी चाकाला चुंबक लावून आणले होते, वीज न घेता कायमचं फिरणार म्हणून. मी घड्याळ लावलं. एक मिनिट चाळीस सेकंद. "पुढच्या रविवारी चांगलं बेअरिंग आणतो," म्हणाले. बेअरिंग घेऊन ते आले तेव्हा बाई हजर होत्या. त्यांनी पेटंट कायद्याचं तिसरं कलम वाचून दाखवलं, पहिलाच पोटभाग: निसर्गाच्या प्रस्थापित नियमांच्या उघड विरुद्ध दावा असेल तर तो कायद्याने शोधच नाही. अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसपर्यंत जायची गरज नाही. सीएंनी भर घातली की एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाचे १६०० रुपये पडतात, तेवढ्यात खरंच उत्तम बेअरिंग येतील. मला हसू आलं, पण चुंबकवाल्यांचा चेहरा उतरला तेव्हा बाईंनीच त्यांना चहा सांगितला.

माझी खरी नाराजी दुसरीच आहे. एका पोराने मनगटाला बांधायचं यंत्र आणलं होतं. लोकलमध्ये झोप लागली तर आपलं स्टेशन यायच्या आधी ते थरथरतं. जीपीएसवर चालतं, त्याने मुलुंड ते दादर करून बघितलंय. चालणारी वस्तू! त्याला टाळ्या चार. अदृश्य होण्याच्या अंगरख्याचं फक्त चित्र दाखवणाऱ्याला सगळ्या खोलीने टाळ्या दिल्या. तेव्हा बाईंनी शंकर आबाजी भिसेंचं नाव काढलं. १८६७ ला मुंबईत जन्मलेला माणूस, इथेच विज्ञानाचं मंडळ चालवायचा, आणि त्याच्या तेव्हाच्या खटपटींत एक होती उपनगरी गाडीसाठी स्टेशन दाखवणारं यंत्र. पुढे दादाभाई नौरोजींच्या मदतीने लंडनला टिकला, छपाईचे खिळे पाडणारं यंत्र केलं. पोराने नाव वहीत लिहून घेतलं. सीए मात्र यंत्र परत देत म्हणाले, विरारच्या माणसाला याचा उपयोग नाही, तो शेवटीच उतरतो.

सामानाबद्दल थोडक्यात. सोल्डरिंगच्या दोन गनपैकी एकीची टिप खाल्लेली आहे, तिने जॉइंट धरत नाही, नुसता गोळा होतो. एक्झॉस्ट पंखा नाही, रोझिनचा धूर सरळ डोळ्यांत. मल्टिमीटरचा अँपिअरचा फ्यूज उडालेला, कोणी सांगत नाही, मी शोधला. रेझिस्टर, बोर्ड, वायरी तिथे विकत मिळतात, पण लॅमिंग्टन रोडच्या जवळजवळ दुप्पट भावाने, तेव्हा ग्रँट रोडला आधी उतरून आपलं सामान घेऊन जा. संडास मजल्यावर सामाईक, किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन कुठे ते विचारू नका. बायका-मुलींसाठी ही मोठी अडचण आहे, मालकाला सांगितलंय, "बघतो" म्हणालाय. चहा खालच्या टपरीवरून येतो, तो मात्र कडक.

घरी विचाराल तर सौ.चं मत वेगळं. निघताना म्हणते, "अहो, तिकडे टेलिपोर्ट झालात तर येताना दळण घेऊन या." मागच्या आठवड्यात मी मिक्सरच पिशवीत घालून नेला आणि मधल्या सुट्टीत कार्बन ब्रश बदलला. त्या दिवसापासून ती डबा देते.

तर पाचपैकी साडेतीन. निघण्याआधी मालकाला फोन करून एकच विचारा: बाई आहेत का? आहेत म्हणाला तर पावणेचारला पोहोचा, खिडकीकडची खुर्ची धरा, फळ्याजवळची डुगडुगते. नाहीत म्हणाला तर तीनशे रुपये वाचवा. येत्या रविवारचा विषय गुरुत्वाकर्षण बंद करणे हा आहे आणि चुंबकवाले येणार आहेत. मी फ्यूज घेऊन जातोय.