नांदेडहून छोट्या जेटनं ये-जा : काही महिन्यांच्या वापरानंतर

बियाण्यांच्या धंद्यामुळे माझं हैदराबाद-बंगळूर सारखं चालू असतं. आधी देवगिरी एक्स्प्रेस, नाहीतर गाडी काढून निजामाबादमार्गे. आता बरेच महिने नांदेडहून विमानानं जातोय.

विमान छोटं म्हणजे कसंतरीच असेल, ही भीती आधी काढून टाका. माझ्या वाट्याला आलेल्या शहात्तर सीटच्या जेटमध्ये दोन्हीकडे दोन-दोन सीट, म्हणजे मधल्या सीटवर अंग चोरून बसायची भानगड नाही. पूर्वीच्या पंख्याच्या एटीआरमध्ये मागच्या दारानं चढायचं आणि पंख्याशेजारची सीट मिळाली की घरघरीत फोनवर धड बोलताही यायचं नाही. त्या मानानं जेट शांत. विमानतळही आटोपशीर, उतरल्यावर बॅग घेऊन पाच-दहा मिनिटांत रिक्षाशी भाव करायला मोकळे.

पण हैदराबादसाठी जेट लागतंच का? एवढ्याशा अंतरात वाचतात ती जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, आणि इंधन एटीआरपेक्षा बरंच जास्त जळतं. माझं मत विचाराल तर हैदराबादला एटीआर आणि बंगळूर-दिल्लीला जेट, हीच वाटणी बरी.

आता खरी दुखरी नस. फेरी चालू राहील का, हे कुणी छातीठोक सांगत नाही. छोट्या गावांना विमानानं जोडायच्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला उडालं, त्याच दिवशी नांदेड-हैदराबादही सुरू झालं. मोठा गाजावाजा झाला. ती फेरी चालवणारी ट्रूजेट कंपनी आज कुठंच नाही. संभाजीनगरकरांनी २०१९ ला जेट एअरवेज बंद पडल्यावर हेच भोगलं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालातले आकडे बघा: ‘उडान’मध्ये मंजूर ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले, अनुदानाची तीन वर्षं त्यातल्या ११२ नीच पूर्ण केली, आणि त्यानंतरही टिकले फक्त ५४.

कारण सरळ आहे. साधारण निम्म्या सीट ठरलेल्या भाड्यात द्यायच्या, तूट सरकार भरणार, तीही तीनच वर्षं. त्यानंतर तिकिटाचा दर बाजारावर. कंपनी विमान भाड्यानं घेते, ते भाडं डॉलरमध्ये. पायलट शहात्तर सीटनाही दोन आणि एकशे ऐंशी सीटनाही दोनच, म्हणून छोट्या विमानात सीटमागचा खर्च जास्त बसतो. उलट एअरबस आणली तर नांदेडमधून एकशे ऐंशी माणसं रोज कुठून आणायची? ८० पेक्षा कमी सीटच्या विमानाला विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर उतरण्याचं शुल्क माफ आहे, ४० टनांखालच्या विमानाच्या इंधनावर करही कमी. म्हणजे आपल्या गावाच्या मापाचं विमान हेच.

माझी तक्रार तिकिटाच्या दराबद्दल नाहीच. फेरी रोजची असेल तरच माझ्यासारखा धंदेवाला तिच्यावर विसंबतो. गुरुद्वाऱ्याला येणारे भाविक आपली तारीख विमानाच्या वारानुसार ठरवू शकतात. मला पार्टी बुधवारी बोलावते आणि विमान असतं गुरुवारी. मग मी गाडी काढतो, सीट रिकामी जाते, आणि रिकाम्या सीट मोजून आणखी एक वार कमी होतो. एकदा परतीची फेरीच रद्द झाल्याचा मेसेज आदल्या दिवशी आला. पैसे परत मिळाले, पण रात्र बसमध्ये काढली.

मुंबईसाठी माझा जीव अजून रेल्वेतच. वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून नांदेडहून सुटते. पहाटे उठायची तयारी हवी, एवढंच.

कोर्टाची तारीख, ऑपरेशन, मुलांची परीक्षा असं काही असेल तर विमानाच्या तिकिटासोबत रेल्वेचंही काढून ठेवा. मी हैदराबादला जाताना देवगिरीचं काढतोच. रद्द करताना थोडे पैसे कापले जातात, ते मी प्रवासखर्चातच धरतो.