बिडाच्या तव्यावरचा पिझ्झा, दोन वर्षं वापरून झाल्यावर

बिडाचा तवा घेऊन आता दोन वर्षं झाली आणि खरं सांगायचं तर त्याच्यावर घावन-आंबोळ्यांपेक्षा पिझ्झेच जास्त झालेत, त्यामुळे हा रिव्ह्यू तव्याचा असला तरी निम्मा पिझ्झ्याचाच आहे. ज्यांच्याकडे साधा ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) आहे किंवा तोही नाही, नुसती गॅसची शेगडी आहे, आणि घरचा पिझ्झा दर वेळी वरून छान दिसतो पण खालून पांढरा आणि मऊ निघतो म्हणून जे वैतागलेत त्यांनी हे जरूर वाचा. मी त्या वैतागात चार-पाच वर्षं काढलीत.

तवा पुण्यातल्या बोहरी आळीतनं घेतला. दहा इंची, सपाट, दोन बाजूंना दोन कान, घरी येऊन काट्यावर ठेवला तर 2 किलो 300 ग्रॅम भरला, तेव्हा 700 रुपयांना पडला. कंपनीचा शिक्का वगैरे काही नाही त्याच्यावर. दुकानातल्या काकांनी तीन-चार तवे काढून एकेक बोटाच्या गाठीनं वाजवून दाखवला, म्हणाले, "ऐका, हा घणघणीत वाजतोय ना, चीर असली की बद्द वाजतो, तो घ्यायचा नाही." हे मला आधी माहीत नव्हतं आणि ऑनलाइन मागवणाऱ्यांनीही डबा उघडल्या उघडल्या हे करून बघा, कारण बीड मजबूत असलं तरी ठिसूळ असतं, वाटेत आदळलं की तडा जातो आणि तो डोळ्यांना दिसेलच असं नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, पोळीचा लोखंडी तवा वेगळा आणि बिडाचा वेगळा. पोळीचा पत्र्याचा असतो, पातळ, पटकन तापतो आणि त्याच्यावर थंडगार पीठ पडलं की तितक्याच पटकन थंड होतो. बीड म्हणजे ओतीव लोखंड, जाड, तापायला दहा मिनिटं घेतं पण एकदा तापलं की उष्णता धरून बसतं आणि पिझ्झ्याला नेमकं तेच लागतं. नॉनस्टिकचा तर विचारही करू नका, कारण रिकामा तवा इतका वेळ कडक तापवायचा म्हणजे ते कोटिंग 260 डिग्रीच्या पुढे खराब व्हायला लागतं आणि त्याचा धूर नाकात जाणं चांगलं नाही.

आता हे सगळं तापमानाचं प्रकरण का, ते सांगतो. नेपल्सच्या पिझ्झावाल्यांची 1984 साली स्थापन झालेली एक संघटना आहे, त्यांनी खऱ्या नेपोलितान पिझ्झ्याचे नियम लिहून ठेवलेत. लाकडाची भट्टी, 430 ते 480 डिग्री, आणि पिझ्झा आत राहतो फक्त 60 ते 90 सेकंद. तेवढ्यात खालची फरशी तळ भाजते, वरची ज्वाळ आणि घुमटाची धग कड फुगवते, आणि आतलं पाणी उडून जायच्या आत पिझ्झा बाहेर, म्हणून तो मऊही असतो आणि भाजलेलाही. आपला ओटीजी 230, फार तर 250 ला थांबतो. म्हणजे तळाला रंग येईपर्यंत पंधरा मिनिटं जातात आणि तोवर सगळा ओलावा उडून जातो, आणि हातात येतं ते बिस्किट. किंवा आपण लवकर काढतो आणि मग तळ कच्चा.

मला हे कोडं भाकरीमुळे सुटलं. आई भाकरी करताना बघत होतो, तव्यावर एक बाजू, पाणी लावलेली बाजू उलटली, मग थेट आचेवर धरली की टम्म फुगते. तळाला तवा आणि वरच्या अंगाला जाळ, दोन कामं दोन वेगळ्या ठिकाणी. मग पिझ्झ्याची सगळी भिस्त ओव्हनवर कशाला? तळ गॅसवर तव्यात भाजायचा आणि वरची बाजू ओटीजीच्या वरच्या कॉइलखाली. त्या दिवसापासून घरचा पिझ्झा बदलला.

त्याआधी पिझ्झा स्टोन घेऊन झाला होता. चौदाशे रुपये घालवले, पाचव्या वेळी सॉस सांडला आणि टचकन दोन तुकडे. एकाच दगडावरून सगळ्या दगडांना नावं ठेवणार नाही, पण बिडाचा तवा दोन वर्षांत माझ्या हातून एकदा फरशीवर निसटलाय (फरशीला कोपरा गेला, तव्याला काही नाही, तरी लगेच वाजवून बघितला), आणि दगडापेक्षा उष्णता पिठात झपाट्यानं सोडतो, त्यामुळे कमी तापमानातही तळाला ते ब्राऊन चट्टे पडतात.

माझं प्रमाण देतो, दोन पिझ्झ्यांसाठी. मैदा 250 ग्रॅम, पाणी 160 मिली, मीठ 5 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट पाव चमच्यापेक्षाही कमी, बाकी साखर नाही, दूध नाही, दही नाही. मळायला फार मेहनत नाही, मिसळायचं, अर्धा तास झाकून ठेवायचं, ओल्या हातानं चारी बाजूंनी घड्या घालायच्या, असं तीनदा, आणि मग डब्यात घालून फ्रिजमध्ये निदान एक रात्र, दोन रात्री मिळाल्या तर फारच छान. चव तिथे तयार होते. जे लोक तासाभरात पीठ फुगायला हवं म्हणून दोन-दोन चमचे यीस्ट घालतात त्यांच्या बेसला यीस्टचा वास येतो, तो कितीही चीज घातलं तरी जात नाही. करायच्या आधी दोन तास गोळे बाहेर काढून ठेवायचे, पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तासभर पुरतो.

सॉस शिजवत नाही. लालबुंद पिकलेले टोमॅटो किसणीवर किसायचे, साल हातात राहते, मग तो गर गाळणीत वीस मिनिटं ठेवायचा, निम्मं पाणी खाली उतरतं (ते आमटीत टाका), वरच्या गरात मीठ आणि जरासं ऑलिव्ह तेल. आपल्याकडचे टोमॅटो पाणीदार असतात, ही गाळायची पायरी चुकवली तर पिझ्झ्याचं मधोमध तळं होतं. चीज अख्खी वडी आणून घरी किसतो, पाकिटातलं आधीच किसलेलं चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च लावलेला असतो, ते वितळताना तसं एकजीव होत नाही.

आणि मग कृती. तवा मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं, ओटीजी 250 वर आणि फक्त वरची कॉइल चालू. तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की नाचत पळाला पाहिजे. गोळा हातानंच पसरवायचा, लाटणं नको, लाटण्यानं सगळी हवा निघून जाते आणि कड फुगतच नाही. तव्यात घातला की आच जरा कमी, पटपट सॉस, चीज, जे काय ते, दीड-दोन मिनिटांत कडेनं उचलून बघायचं, तळाला चट्टे दिसले की अख्खा तवा उचलून ओटीजीत, वरच्या खाचेत. चार ते पाच मिनिटं. दारासमोर उभं राहा, शेवटच्या मिनिटात फार झपाट्यानं रंग येतो. बाहेर काढल्यावर तुळस असेल तर तुळस, नसेल तर काही नको, आणि लगेच तव्यातून काढून जाळीवर ठेवायचा, कारण तव्यात राहिला तर तळ भाजतच राहतो.

ओटीजी नसेल त्यांनी भाकरीसारखंच करा. नुसता बेस टाकून एक बाजू भाजा, उलटा, आणि भाजलेल्या बाजूवर सॉस-चीज घालून उंच झाकण ठेवा, आच बारीक, पाच मिनिटं. झाकणाला ढोकळ्याला बांधतो तसं फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी चीजवर ठिबकतं. वरून ब्राऊन होत नाही हे मान्य, पण बेस उत्तम होतो. माझी बहीण पनवेलला भाड्याच्या घरात असंच करते आणि तिचा पिझ्झा मी आवडीनं खातो.

बाजारात मिळणाऱ्या तयार बेसबद्दल मला वाईट बोलवत नाही. आमच्या लहानपणी पिझ्झा म्हणजे तोच होता, बेकरीतनं आणलेला जाड बेस, त्याच्यावर केचप, चौकोनी चिरलेली सिमला मिरची, कांदा आणि क्यूबमधलं किसलेलं चीज, तव्यावर झाकण ठेवून. डॉमिनोज आणि पिझ्झा हट भारतात आले 1996 ला, आमच्या गल्लीपर्यंत पोचायला आणखी बरीच वर्षं लागली, तोपर्यंत वाढदिवसाला हाच. अजूनही तो खाल्ला की पोट भरतं आणि मनही. फक्त तो पण बिडाच्या तव्यावर करून बघा, खालून तुपावर भाजलेल्या पावासारखा कुरकुरीत होतो.

तव्याच्या तक्रारी सांगायला हव्यात. पहिली, तयारी. धुऊन लगेच वापरता येत नाही. आई राजापूरकडची, तिनं तवा बघितल्या बघितल्या सांगितलं, "अरे, त्याला तीन दिवस दे." रात्रभर भाताच्या पेजेत बुडवायचा, सकाळी घासायचा, पुसून तापवून तेल लावायचं आणि अर्धा कांदा सुरीला टोचून सगळीकडे फिरवायचा, असं तीन दिवस. तरी पहिल्या चार आंबोळ्या चिकटल्याच. दुसरी, वजन. तापलेला सव्वादोन किलोचा तवा शेगडीवरून ओटीजीत न्यायचा म्हणजे दोन्ही हातांना जाड कापडी मोजे पाहिजेत आणि त्या वेळी लहान मुलं स्वयंपाकघरात नकोत, हे मी फार गांभीर्यानं सांगतोय. आईला तो आता उचलवत नाही, तिच्यासाठी मीच शेगडीवर चढवून ठेवतो. तिसरी, माप. कानांसकट तवा किती रुंद आहे ते मोजा आणि ओटीजीच्या आतलं माप घ्या, मग दुकानात जा. माझ्या 30 लिटरच्या ओटीजीत दहा इंची कसाबसा बसतो, बारा इंची आणला असता तर दार लागलं नसतं.

आणि चौथी, टोमॅटो. आंबट सॉस तव्यावर सांडून जळला की तेल लावून तापवत राहिल्यानं तव्यावर बसलेला काळा थर तेवढ्या जागी निघून जातो. पिझ्झा झाला की तवा कोमट असतानाच पाण्यानं आणि नारळाच्या काथ्यानं साफ करून, गॅसवर कोरडा करून, तेलाचा हात फिरवायचा. हे एकदा राहिलं तर सकाळी गंज दिसतो. गरम तव्यावर गार पाणी मात्र कधीच ओतायचं नाही, तडकतो.

हॉटेलच्या पिझ्झ्याशी तुलना केली तर? बाणेरला लाकडाच्या भट्टीचं एक ठिकाण आहे, तिथे बसून, भट्टीतनं टेबलावर आलेला मार्गारिटा खाल्ला तर तो माझ्यापेक्षा चांगला आहे यात काही वादच नाही, कडेवरचे ते काळे फोड आणि धुराचा वास माझ्या ओटीजीत येणं शक्य नाही. पण त्यांच्याकडून दोनदा घरी मागवला आणि दोन्ही वेळा 450 रुपयांचा पिझ्झा बंद खोक्यात वाफेनं भिजून ओल्या रुमालासारखा आला. दोष भट्टीचा नाही, असला पिझ्झा पाच मिनिटांत खायचा असतो, पण मग त्यांनी तो घरपोच देऊ नये असं मला मनापासून वाटतं. माझा घरचा पिझ्झा साधारण 120 रुपयांत होतो, त्यातलेही निम्मे चीजचे, आणि तव्यातून ताटात यायला दहा सेकंद लागतात. बाहेर जायचं तर भट्टीवाल्याकडे जाऊन बसून खातो, घरी खायचा तर घरीच करतो, मधलं मागवणं मी बंद केलं.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कापला तो वजनाचा.

आणि ज्यांच्याकडे मागवलेला पिझ्झा उरतो त्यांच्यासाठी, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चामड्यासारखा होतो. तवा तापवा, तुकडे ठेवा, आच बारीक करा, दोन मिनिटांनी तव्याच्या मोकळ्या जागेत अर्धा चमचा पाणी टाकून पटकन झाकण ठेवा, अर्ध्या मिनिटात काढा. खालचा तळ पुन्हा कुरकुरीत आणि वरचं चीज पुन्हा मऊ. आमच्याकडे मुलीला शाळेच्या आधी सकाळी सात वाजता हाच नाश्ता हवा असतो आणि आंबोळीच्या आधी तवा त्यासाठी चढतो.